रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचं नाव विचारायचं राहिलं

आमची लेक ३१व्या आठवड्यातच आली, जेमतेम दीड किलोची. साधारण ३४ आठवड्यांपर्यंत चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसत नाही, म्हणून दूध नळीतून. पहिल्या दिवशी माझं २ मिली निघालं आणि मला रडूच फुटलं. तुम्ही म्हणालात, "अगं, थेंबन् थेंब सोनं आहे." मग तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलंत, डोक्यावर टोपी, पाठीवर दुपटं. मॉनिटर वाजला की माझा जीव अर्धा व्हायचा. तुम्ही मात्र शांतपणे तिच्या तळपायाला टिचकी मारायचात, की श्वास सुरू! आणि जिनं आपलं दूध दान केलं, ती माउली तर मी पाहिलीही नाही. दोघींचे मनापासून आभार. लेक आता अंगावर पिते. भोकाडही जोरात पसरते.