गणितं सुटतात हो, पण उत्तराकडं कोण बघतं?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा 'गतीचे नियम', त्यामुळं शाळा सुरू झाली की घरोघरी वेग, त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर), बल हेच चालू असतं. मी नववी-दहावीची शिकवणी घेतो म्हणून माझ्याकडं पण तेच. पत्र लांबलं तर बिनधास्त कात्री लावा.

मुलांना ही गणितं येत नाहीत असं अजिबात नाही. दिलेलं काय, सूत्र कुठलं, किंमती घाला, एकक लिहा, संपलं. पायरीला मार्क आहेत म्हटल्यावर शाळा, क्लास, गाईड सगळे तेच घोटून घेतात. पण उत्तर आल्यावर त्याच्याकडं ढुंकून कोणी बघत नाही. एका मुलानं सायकलचा ताशी १८ किलोमीटर वेग तसाच सेकंदाला १८ मीटर म्हणून घातला, म्हणजे सायकल ताशी जवळजवळ ६५ किलोमीटरनं पळवली त्यानं, आणि पुढची पद्धत बरोबर, अक्षर सुंदर, खाली दोन रेघा मारून उत्तर. त्याला काहीच खटकलं नाही, कारण आजवर कोणी विचारलंच नाही की बाबा रे, अशी सायकल तू बघितलीस का कधी.

मी हल्ली त्यांना एक गणित घालतो, पुस्तकात नाही ते. स्कूटी ११० किलोची, वर ५० किलोचा एक जण, एकूण १६०. वेग ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ब्रेकचं बल ८०० न्यूटन धरा. मंदन, म्हणजे दर सेकंदाला वेग किती कमी होतो ते, ५ आलं, गाडी १० मीटरमध्ये थांबली. आता त्याच स्कूटीवर ट्रिपल सीट, एकूण २६० किलो, ब्रेक तोच. मंदन ३ च्या जरासं वर आणि गाडी थांबायला सव्वासोळा मीटर. सहा मीटर जास्त गेली, त्या सहा मीटरमध्ये कोण उभं असेल ते तुम्हीच ठरवा म्हणतो मी. मग परत एकटा बसव पण वेग ५४ कर, म्हणजे दीडपट, तर अंतर साडेबावीस मीटर, सव्वादोन पट झालं कारण वेगाचा वर्ग येतो ना तिथं. आणि हे सगळं ब्रेक दाबल्यानंतरचं! समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर ५४ ला अजून १५ मीटर त्यात मिळवा. रस्ता ओला असेल, टायर घासलेला असेल तर विचारूच नका. ज्या पोरांना 'व्ही स्क्वेअर बरोबर यू स्क्वेअर अधिक टू ए एस' हे वेग-अंतराचं सूत्र झोपेत म्हणता येतं ती पहिल्यांदा गप्प बसतात, कारण त्यातली निम्मी ट्रिपल सीटच आलेली असतात क्लासला (लायसन्सचं तर बोलायलाच नको, ते पालकांना विचारा).

आणि जिथं तिथं ते 'घर्षण नगण्य माना'. सुरुवातीला सोपं पडावं म्हणून ठीक आहे, पण मुलांच्या डोक्यात घर्षण म्हणजे गणितातली कटकट एवढंच राहतं. चालताना आपला पाय जमिनीला मागं ढकलतो, जमीन आपल्याला पुढं ढकलते, ती घर्षणामुळंच. बैलगाडीचं पण तेच आहे, बैल गाडीला ओढतो तेवढ्याच बलानं गाडी बैलाला मागं ओढते, मग गाडी निघते कशी असं विचारलं की वर्ग गार होतो. बैलाच्या खुराखालच्या जमिनीकडं कोणाचं लक्षच जात नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो टेबलावरच्या पुस्तकाचा. पुस्तकाचं वजन खाली आणि टेबलाचा जोर वर, ही क्रिया-प्रतिक्रिया असं कितीतरी नोट्समध्ये लिहिलेलं असतं आणि मुलं तेच लिहून मार्क पण घेतात. अहो, दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली (क्रिया तेवढीच उलट प्रतिक्रिया) जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते. पृथ्वी पुस्तकाला ओढते आणि पुस्तक पृथ्वीला, ही एक जोडी. टेबल पुस्तकाला वर ढकलतं आणि पुस्तक टेबलाला खाली, ही दुसरी. पटत नसेल तर तेच टेबल लिफ्टमध्ये ठेवा. लिफ्ट वर निघताना टेबलाचा जोर पुस्तकाच्या वजनापेक्षा जास्त असतो, मग क्रिया-प्रतिक्रिया समान कुठं राहिली? वर फेकलेल्या चेंडूचंही तसंच, सर्वात वरच्या टोकाला त्वरण किती विचारलं की निम्मा वर्ग शून्य म्हणतो. वेग शून्य असतो, त्वरण तिथंही ९.८ च, खालच्या दिशेनं.

मास्तरांना शिव्या घालायला हे लिहीत नाहीये. साठ-सत्तरचा वर्ग, पोर्शन संपवायचा, त्यात शाळाबाह्य कामं, कुठं वेळ आहे त्यांना. पण पेपर काढणाऱ्यांच्या हातात आहे ना हे? गणित तीन मार्कांचं असेल तर दोन आकडेमोडीला द्या आणि एक 'हे उत्तर शक्य वाटतं का, आणि का' यासाठी ठेवा. बलाच्या गणितात आधी वस्तूवरची सगळी बलं बाण काढून दाखवा अशी सक्ती करा, त्याला मार्क द्या. मार्क दिले की क्लासवाले दुसऱ्या दिवसापासून शिकवायला लागतील, आमच्यासकट.

– एक शिकवणीवाला, सातारा