अर्धा गुण कापावा लागेल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या विज्ञान पानावर लोहयुक्त अतिसंवाहकांवरचा (म्हणजे पुरेसे थंड केले की विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थांवरचा) लेख वाचून बरे वाटले. मात्र त्यातले एक वाक्य घशाखाली उतरेना: ‘लोखंडातले चुंबकत्व नष्ट केले, की विजेला होणारा विरोध शून्यावर येतो.’ शाळेत चुंबक शिकवण्यात माझी हयात गेली. उत्तरपत्रिकेत हे वाक्य दिसते तर मी अर्धा गुण कापला असता. अर्धाच, कारण अर्धे बरोबर आहे.

२००८ साली टोकियोत हिदेओ होसोनो यांच्या गटाने लँथॅनम, लोह, आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात थोड्या ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन घातले. ते २६ केल्व्हिनला, म्हणजे उणे २४७ अंश सेल्सिअसला, अतिसंवाहक झाले. आम्हाला तर कॉलेजात सांगितले होते, अतिसंवाहकता हवी असेल तर लोखंडाला दारातही उभे करू नका! त्याच वर्षी अमेरिकेत फ्लोरिन न घातलेल्या संयुगावर न्यूट्रॉन, म्हणजे अणुकेंद्रातले कण, सोडून पाहिले. १३७ केल्व्हिनखाली लोहाच्या अणूंचे चुंबक ओळीने उभे होते, एक ओळ इकडे तोंड करून, शेजारची तिकडे. पुरेसे फ्लोरिन घातले की ही शिस्त मोडते. इथवर आपला लेख बरोबर.

न्यूट्रॉनच का, हे मात्र लेखात नव्हते. त्याला विद्युतभार नसतो, म्हणून तो पदार्थात खोलवर शिरतो. आणि तो स्वतः इवलासा चुंबक असतो, म्हणून वाटेतले चुंबक त्याला वळवतात. ओळी उलटसुलट असल्या की एरवी काहीच नसते अशा कोनाला न्यूट्रॉन एकदम जास्त येतात, आलेखावर नवे शिखर उगवते.

हे मुलांना समजावे म्हणून मी एक पाट केला होता. प्रयोगशाळेतून निकालात काढलेली ३६ छोटी होकायंत्रे प्लायवूडच्या तुकड्यावर सहा ओळींत अगदी खेटून चिकटवली. पाट स्थिर असला की सुया ओळीने लागतात, एक ओळ फळ्याकडे, शेजारची खिडकीकडे. (सुयांचे कारण वेगळे, लोहाच्या अणूंचे वेगळे, हे वर्गातही सांगत असे.) जवळ मोठा चुंबक फिरवत राहिले की ओळी विस्कटतात. पण सुया मोकाट सुटत नाहीत. एकीने मान हलवली की शेजारीण डोलते, मग तिची शेजारीण. मागच्या बाकावरची मुलेसुद्धा हे बघायला पुढे येत.

लोहाच्या अणूंचे चुंबकही शिस्त मोडल्यावर असेच डोलत राहतात. लेखात नेमके हे डोलणे राहून गेले. न्यूट्रॉन किती ऊर्जा घेऊन आला आणि किती घेऊन गेला, याचा हिशेब ठेवला की ते मोजता येते. बेरियम, पोटॅशियम, लोह आणि आर्सेनिक यांचे एक संयुग ३८ केल्व्हिनखाली अतिसंवाहक होते, आणि तसे झाले की हे डोलणे १४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एक छोटे माप) या ऊर्जेच्या आसपास एकवटते, आलेखावर तिथे उंचवटा दिसतो. तापमान वाढवून अतिसंवाहकता घालवली की तो उंचवटा विरतो. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने विरोधाशिवाय वाहतात; या जोड्या हे डोलणेच जुळवते, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. वाद अजून मिटलेला नाही. बेरियम-लोह-आर्सेनिकात थोडा कोबाल्ट घातला तर ओळी आणि अतिसंवाहकता एकाच नमुन्यात नांदतात. अतिसंवाहकता आली की चुंबकीय शिखर थोडे खुजे होते, एवढेच. मग ‘नष्ट’ झाले काय?

आणखी एक. लेखात सगळी नावे परदेशची. आपल्या खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांची जी संयुक्त संस्था आहे, तिच्याच मुंबई केंद्रामार्फत देशभरच्या विद्यापीठांतले संशोधक ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनचे प्रयोग करतात. मुख्यालय इंदूरला, आणि इंदूरच्या वाचकाला त्याचा पत्ता नाही! एखादा वार्ताहर तिकडे पाठवावा.

जाता जाता त्याने आमच्याकडे डोकावले तरी चालेल. पाट माळ्यावर आहे. दोन सुया गंजून अडकल्या आहेत, चौतीस चालतात. येणार असेल तर पुसून ठेवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर