कुंपणाचं ठरवलंय, रागावू नका

ठाणे,
28 ऑक्टोबर 2020

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणार. कारण साधं आहे. मी फोनवर "बाबा, कुंपणाचं..." एवढं म्हटलं की बाबा "बरं बरं, ठेव आता, बिल वाढतंय" म्हणतात. हल्ली बोलून बिल वाढत नाही, हे दहा वेळा सांगून झालं. म्हणून लिहायलाच बसले. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोरोनामुळे लांबलंय, म्हणून अक्षर मोठं काढलंय, एक ओळ सोडून. बाबा, तुम्ही स्वतःच वाचा. आईला वाचायला दिलंत तर ती नको ते गाळेल आणि तुम्हाला आवडेल तेवढंच ऐकवेल.

सांगायचं ते आधी सांगून टाकते. रस्त्याकडच्या अंगाला चिऱ्याची भिंत बांधायची, असं गवंड्याशी बोलणं झालंय. वीस हजार आगाऊ दिलेत. कोजागरी झाली की सोमवारी, 2 तारखेला, चिऱ्यांचा ट्रक येईल. न विचारता केलं म्हणून रागवायचं तर रागवा, पण पुढचं वाचून रागवा.

3 जूनच्या निसर्ग वादळाचं मी तुमच्याशी कधी नीट बोललेच नाही. सकाळी साडेअकराला आईचा फोन झाला होता. "माड पार जमिनीला टेकतायत गं, ठेवते," एवढंच. मग दिवसभर टीव्हीसमोर. वादळ साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर, असं सांगत होते. अलिबागच्या दक्षिणेला म्हणजे कुठे, हे त्यांना नकाशात बघावं लागत असेल, मला नाही. नंतर पाच दिवस तुमचा काही पत्ता नाही. सहाव्या दिवशी बोर्लीच्या कोणीतरी म्हसळ्याच्या बाजूला रेंज मिळेल तिथवर जाऊन मेसेज केला, "दोघं सुखरूप, घर उभं आहे." तो मेसेज मी अजून पुसलेला नाही. इथे आमची सोसायटी सील होती आणि जिल्ह्याबाहेर जायच्या ई-पासचा अर्ज दोनदा परत आला. हे सगळं खरं आहे. तरी रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटतं, चालत निघाले असते तर चार दिवसांत पोचले असते.

ई-पासची अट 2 सप्टेंबरला उठली आणि मी 5 ला निघाले. माणगावपर्यंत बरं वाटत होतं. आपल्या गल्लीत वळले आणि थांबले. रस्त्यावरून मला आपलं मागचं दार दिसत होतं! जन्मात कधी दिसलं नव्हतं. पोफळी मधूनच मोडलेल्या, माड आडवे, फणस मुळासकट उलथलेला, आणि तो पडताना कुंपणाची वई घेऊनच पडलेला. फाटकाचं बेडं तेवढं उभं होतं. दोन खांब, मध्ये आडवे बांबू, आणि दोन्ही बाजूंना काहीच नाही. तरी बाबा, तुम्ही मला बेड्यातूनच आत घेतलंत आणि मागे कडी लावलीत. मला हसू आलं होतं. तुम्हाला वाटलं मी शिंकले.

दुसऱ्या रात्री जाग आली ती बादलीच्या आवाजाने. घड्याळात पावणेचार. आई, तू न्हाणीत होतीस, काळोखात, दिवासुद्धा न लावता. मी विचारलं तर म्हणालीस, "सवय झाली आता, पहाटेचं पाणी छान असतं." चाळीस वर्षं तू उन्हं ओटीवर आल्याशिवाय अंगावर पाणी घेतलेलं मला आठवत नाही. मग सकाळी पाहिलं, न्हाणीच्या तोंडाशी दोन खुंटांना माझ्या डोहाळजेवणाची हिरवी साडी बांधलेली. वारा आला की उडते, म्हणून खाली चिरे ठेवलेले. तू एका शब्दाने तक्रार केली नव्हतीस. फक्त एकदा म्हणाली होतीस, "आता रस्त्यावरून चुलीपर्यंत दिसतं." मला ते वर्णन वाटलं होतं.

त्या न्हाणीच्या दगडांवर जूनपासून शेवाळ आहे. पहाटे काळोखात, बीपीची गोळी घेऊन, अनशापोटी. हातात बांगड्या असताना काय होऊ शकतं ते मी इथे लिहीत नाही. पण म्हणून भिंत.

बाबा, आता तुमचे मुद्दे. पहिला: "वई मीच घालीन, दरवर्षी घालतोच." घालत होतात, आणि तशी वई पंचक्रोशीत कोणाची नव्हती. पण हर्नियाच्या ऑपरेशनला अजून वर्ष झालेलं नाही, डॉक्टरांनी जड उचलायला मना केलंय, आणि तुम्ही गणपतीत खांब रोवायला खड्डे काढले होते हे मला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नका. आईने सांगितलेलं नाही. शिवाय इतकी वर्षं वईच्या आत पोफळीची दाटी होती, त्यामुळे काटक्यांची वईसुद्धा भिंतीसारखी वाटायची. आडोसा झाडांचा होता. नवी रोपं लावलीत, पण पोफळ धरायलाच सहा-सात वर्षं जातात. तोवर आई पावणेचारला उठणार का?

दुसरा मुद्दा: "तूर्त पत्रे ठोकू." नको. वादळात पलीकडच्या आळीतला पत्रा उडत येऊन आपल्या केळीच्या बेटात कसा घुसला, हे तुम्हीच मला तीन वेळा सांगितलंत. सपाट पत्रा म्हणजे शीडच. वारा त्याला धरूनच उपटतो, आणि मग तो कुणाच्या मानेवर बसेल सांगता येत नाही. खारी हवा दोन पावसाळ्यांत त्याची चाळण करते ते वेगळंच.

तेव्हा असं ठरलंय. खाली साडेतीन फूट चिरा. आपली जमीन वाळूची, म्हणून पाया दोन फूट खोल, आणि दर आठ फुटांवर चिऱ्याचाच जाड खांब, म्हणजे लांब भिंत एका दमात आडवी होणार नाही. तळाशी पाणी जायला भोकं सोडायची. नाहीतर जुलैत वाडीचं पाणी तुंबून भिंत आतून ढकलली जाते. वर फळ्या. एक फळी आतून, पुढची बाहेरून, कडा थोड्या एकमेकींवर येतील अशा आलटून पालटून. वारा मधून निघून जातो, नजर जात नाही. न्हाणीच्या समोर बारा फूट मात्र पूर्ण उंच चिरा, वरच्या दोन थरांना जाळी, म्हणजे उजेड येईल आणि कोंदट होणार नाही. ते काम सगळ्यात आधी करायला सांगितलंय.

फळ्या आपल्या फणसाच्याच. पंचनाम्यात त्याची नोंद झालेली आहे, लाकूड उन्हापावसात कुजतंय, आणि फणसाच्या गाभ्याला वाळवी लवकर लागत नाही हे तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही त्याचा देव्हारा करायचा म्हणत होतात, माहीत आहे. बुंध्याचा मधला सर्वांत चांगला तुकडा बाजूला काढून ठेवायला सांगितलाय. त्याला कोणी हात लावायचा नाही. बाकीच्या फळ्या कापून पडवीत सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचायच्या आणि संक्रांतीनंतर बसवायच्या. ओलं लाकूड लावलं तर पिळवटतं. तोपर्यंत वरच्या भागाला हिरवी जाळी. दिसायला चांगली नाही, मान्य.

पैसे. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. "लेकीचा पैसा माहेरच्या मातीत नको" हे वाक्य मी तुमच्या तोंडून आत्याच्या वेळी ऐकलंय. बाबा, मी एक सांगते आणि मग पुन्हा कधी सांगणार नाही. मला हॉस्टेलला पाठवताना आईच्या हातातल्या पाटल्या एका सोमवारी होत्या आणि मंगळवारी नव्हत्या. मी तेव्हा विचारलं नाही, तुम्हीही आता विचारू नका. दादाने अर्धे देतो म्हटलंय, तेही तुमच्या समाधानासाठी. जावई म्हणाले, "बाबांना सांगू नकोस, बांधून मोकळी हो." मी सांगतेय, एवढं तरी माझ्या पदरात टाका.

आता जे तुम्हाला खरंच लागेल ते. अण्णांकडच्या बाजूला भिंत आपल्या हद्दीच्या अर्धा फूट आत घ्यायला सांगितलीय. आधी पूर्ण पत्र वाचा. अर्धा फूट जमीन गेली असं नाही, ती आपलीच, मोजणीच्या नकाशात आहे तशीच. पण भिंत ऐन हद्दीवर आली की पुन्हा टेप, पुन्हा तलाठी, पुन्हा ते सगळं. दादाच्या मुंजीच्या वर्षी जे झालं ते मला दुसऱ्यांदा बघायचं नाही. वादळाच्या रात्री अण्णांचं छप्पर गेल्यावर ते सगळे आपल्या माजघरात होते. दोन दिवस तुम्ही समोरासमोर बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत, पण आई सांगते, दुसऱ्या दिवशी तुम्ही तपकिरीची डबी त्यांच्याकडे सरकवलीत आणि त्यांनी घेतली. मी अण्णांना फोन केला होता. ते म्हणाले, "अर्धा फूट कशाला सोडते? बाबाला विचारलंस का?" म्हणजे तुमचीच बाजू घेतली त्यांनी.

आणि आई, विहिरीपाशी काकीची वाट आहे तिथे भिंत नाही. दोन फुटांची फट ठेवायला सांगितलीय, छोटं कवाड लावू. वाटीभर ताक घेऊन रस्त्याने वळसा घालून यायची वेळ तिच्यावर येणार नाही.

मागची, समुद्राकडची बाजू तुमची, बाबा. तिथे वईच हवी. भिंत घातली तर वारा अडून वाडीतच गरगरेल. शेर लावा, निरगुडी लावा, मधून करवंदी. काठ्यांना खालून डांबर फासून घ्या. पण खड्डे गडी काढेल, तुम्ही खुर्चीवर बसून सांगायचं. मला तुमचं वई घालणं आठवतं. तुम्ही काथ्याची गाठ मारायचात आणि मी दुसरं टोक धरून उभी. "धर गं, सोडू नकोस." मी एकदा फुलपाखरू बघून सोडलं होतं आणि सगळी काठ्यांची रांग कलली होती. तुम्ही ओरडला नाहीत. हसत पुन्हा पहिल्या काठीपासून सुरुवात केलीत. संध्याकाळी चिमणीच्या उजेडात माझ्या तळव्यातला करवंदीचा काटा काढलात, सुई तापवून, फुंकर घालत, आणि मला वाटलं होतं की काटा काढायलाच वडील असतात. मागच्या बाजूची पहिली गाठ माझ्यासाठी ठेवा. मी दिवाळीत येतेय, वसुबारसेला निघेन, भाऊबीज करून परत.

आता कामाचं, आणि इथे वाद नाही.

आई, न्हाणीसमोरची भिंत होईपर्यंत आंघोळ सकाळी साडेसातनंतर, आतल्या मोरीत. जागा कमी आहे, चालेल. शेवाळ घासायला बाई सांगितलीय, तू ब्रश घेऊन बसू नकोस. रबरी चटई पार्सलने पाठवलीय. ती पाहुण्यांसाठी ठेवायची नसते. गवंड्यांना चहा द्यायचा, जेवण नाही. तू भाकऱ्या थापायला लागलीस तर मला काकी कळवेल, तिच्याशी बोलणं झालंय. काम करणारे आत येतील तेव्हा दोघांनीही मास्क. हनुवटीला नव्हे, नाकाला.

बाबा, शिडीवर चढायचं नाही. चिरा उचलून "बघू वजन" असंही नाही. भिंतीला आठ दिवस दोन वेळा पाणी मारायचं ते काम तुमचं, पण पाइपने, बादलीने नाही. ओळंबा तुमचाच वापरायचा असं गवंड्याला बजावलंय, कारण त्याचा मी पाहिला, गाठीला गाठ मारलेली दोरी होती. पुढचे पैसे पाया भरल्यावर, त्याआधी मागितले तर माझं नाव सांगा. तुम्ही खिशातून काढून द्याल हे मला माहीत आहे, म्हणून त्यालाही तसं सांगून ठेवलंय.

इकडे सगळे बरे. तुमची नात शाळा मोबाइलवर करते आणि तासाला झोपते. तिला "आजोबा वादळात काय करत होते?" विचारलं की म्हणते, "कडी लावत होते."

काळजी घ्या. रागावलात तरी फोन उचला.

तुमची,
मनू

ता. क. विहिरीपाशी छोटं कवाड बसवतील तेव्हा कडी कुठल्या बाजूला ते गवंड्याला मी सांगायला विसरले. बाबा, तुम्ही सांगा. आई डावरी आहे.