दिलीपला पत्र : बॅग दारातच थांबव

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय दिलीप,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तब्येत बरी, गुडघे तसेच. तू आणि वहिनी काशीला निघालात, मुक्काम धर्मशाळेत, असं नंदूकडून कळलं. तेव्हापासून एकच घोर लागलाय: येताना ढेकूण आणू नका. तुझ्या आईच्या शिसवी पलंगाच्या खाचांत ते शिरले की संपलंच. रक्त मिळालं नाही तरी कित्येक महिने तग धरतात.

खोलीत गेल्यावर सामान आधी बाथरूमच्या फरशीवर ठेव. वहिनी हसतील, हसू देत. मग चादर उचलून मोबाईलच्या उजेडात गादीच्या शिवणी, कोपरे, उशाकडच्या फळीची मागची बाजू बघ. शाई शिंतडल्यासारखे काळे ठिपके, कात, मिलिमीटरभर पांढरी अंडी, काहीही दिसलं तरी खोली बदलून माग. लागून असलेली नको, भिंतीतल्या फटींतून ते तिकडेही जातात. अंगावर गांधी नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नकोस, काहींना चावल्याचं कळतच नाही. मळके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून ठेव. माणसाच्या वासावर ढेकूण येतात.

परतल्यावर बॅग घरात उघडायची नाही. तू म्हणशील, गच्चीवर उन्हात टाकतो. नुसत्या उन्हानं ते सावलीच्या बाजूला सरकतात, आणि गाठोड्याच्या पोटात ऊन पोचत नाही. आतवर ५० अंशांच्या पुढे उष्णता गेली तरच अंडीही मरतात. म्हणून कपडे कोरडेच ड्रायरमध्ये, सर्वांत गरम सेटिंगवर, सैल भरून अर्धा तास. सोसतील ते ६० अंशांच्या पाण्यात धू. वहिनींचा शालू पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, सलग चार दिवस. बॅगेच्या शिवणी, चाकं, चेन व्हॅक्यूमनं ओढून काढ आणि आतला कचरा लगेच बाहेर टाक.

ढेकणांवर रॉकेल शिंपडायचं की नाही यावरून आपण अण्णांसमोर भांडलो होतो, मी अजून ‘नको’ याच मताचा आहे. रॉकेल पेट घेतं आणि फटीतल्या अंड्यांपर्यंत पोचत नाही. बाजारच्या फवाऱ्यांनाही बरेच ढेकूण आता दाद देत नाहीत.

मेघनाचं जमलं म्हणे! फार आनंद झाला. सविस्तर लिही.

साताऱ्याला जाण्याआधी इथेच उतरा. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत मोठा ड्रायर आहे. परतीची तारीख कळव, सोमवारी लॉन्ड्री बंद असते.

तुझा,
विनू