तासांवर राबणाऱ्यांचा अडकलेला पगार

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

केटरिंगच्या कामांवर, मॉलमधील दुकानांत, गोदामांत आणि सोसायट्यांच्या साफसफाईत तासांच्या हिशोबाने राबणाऱ्यांचा पगार अडला, की त्यांतील बहुतेक जण काही आठवडे ठेकेदाराकडे खेटे घालतात आणि अखेर पैसे बुडाले असे धरून दुसरे काम शोधतात. नियुक्तिपत्र नाही, पगारपत्रक नाही, मग दाद कुठे आणि कशी मागणार, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि पगार बुडवणाऱ्यांच्या ती चांगलीच पथ्यावर पडते, म्हणून हा पत्रप्रपंच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. कामगाराने काम सोडले किंवा त्याला काढून टाकले, तर त्याचा देय पगार कामकाजाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. जादा तासांना दुप्पट दर आहे. जुन्या किमान वेतन कायद्याखाली दावा करण्यास अवघे सहा महिने मिळत, ती मुदत आता ३ वर्षांची आहे. माझ्या मते याहून मोलाचे आहे ते कलम ५९. पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा दाखल झाल्यावर, तो दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी या कलमाने मालकावर टाकली आहे.

अर्थात, आपण तेथे काम करत होतो एवढे तरी कामगाराला दाखवावेच लागते. त्यासाठी येण्याजाण्याच्या वेळा रोजच्या रोज वहीत लिहाव्यात, हजेरीपत्रकाचा फोटो काढून ठेवावा, ड्युटी लावल्याचे सुपरवायझरचे व्हॉट्सॲप संदेश पुसू नयेत आणि गेटपास व पूर्वी खात्यात जमा झालेल्या रकमांच्या नोंदी जपाव्यात. कोऱ्या व्हाउचरवर किंवा ‘हिशोब पूर्ण मिळाला’ अशा कागदावर पैसे हातात पडण्यापूर्वी सही मुळीच करू नये. अशी एक सही पुढे सगळा दावा अडवू शकते.

त्यानंतर थकलेल्या रकमेची लेखी मागणी करावी आणि तरीही पैसे न मिळाल्यास कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्यावा. एकाच आस्थापनेतील अनेकांना मिळून एकच अर्ज करता येतो व कामगार संघटनाही आपल्या सभासदासाठी तो करू शकते, त्यामुळे एकट्याने पुढे होऊन रोष ओढवून घेण्याची भीती कमी होते. ठेकेदार पळाला म्हणून दावा संपत नाही. त्याने पगार दिला नाही, तर ज्या आस्थापनेत काम केले तिच्या मालकावर ती जबाबदारी येते. थकबाकीखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मंजूर करण्याचा अधिकार दाव्याचा निर्णय करणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे आणि आदेश न पाळणाऱ्याकडून जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते. वकिलाची गरज भासल्यास महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो.

मात्र ही कार्यालये नेमकी कामाच्या वेळेतच उघडी असतात. ज्याचा पगार आधीच अडकला आहे, त्याने आणखी एका दिवसाची मजुरी बुडवून अर्ज द्यायला यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कामगार आयुक्तालयाने निदान औद्योगिक पट्ट्यांत तरी रविवारी अर्ज स्वीकारावेत आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज कर्मचाऱ्याने तेथेच लिहून घ्यावा, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पिंपरी