चि. सायलीस

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, तेव्हापासून आई माझ्याशी मोजकंच बोलतेय. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एलएलएमला (पदव्युत्तर पदवीला) प्रवेश मिळाला म्हणून शाबासकी द्यायला फोन केला आणि ‘पुढं नोकरी कुठं?’वर घसरलो. आज ते विचारणार नाही.

तू पाठवलेलं सगळं वाचलं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश 15च. तिथली दहाएक महिन्यांची फेलोशिप हवी तर विद्यापीठानं नाव पाठवायचं, खर्चही त्यांनीच सोसायचा. संयुक्त राष्ट्रांची इंटर्नशिप बिनपगारी. नुसत्या एलएलएमवर तिकडं वकिली करता येत नाही. डिग्रीनंतर काम शोधायला एक वर्ष राहू देतात, म्हणालीस. आणि त्या वर्षात नाही मिळालं तर? बघ, आलोच तिथं.

विषयाला नावं ठेवत नाही मी. टॉवेलचा तो कंटेनर आठवतो? तू सातवीत होतीस. माल पोचल्यावर पार्टी म्हणाली, रंग सुटतो. करारात लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर पंचांपुढचा निवाडा, लंडनचा. तिकडचा वकील लावायचा तर मालापेक्षा फी जास्त. गप्प बसलो. तू सुताच्या पोत्यावर बसून तो करार वाचत होतीस, केसात कापसाचे तंतू. ‘अप्पा, भांडण इथलं, मग लंडन कशाला?’ दत्ताकाकांनाही सांगता आलं नाही, आणि त्यांची उभी हयात कोर्टात गेली.

म्हणून वाटतं, लवाद आणि व्यापारच धर. मुंबईत 2016 पासून लवाद केंद्र आहे, सिंगापुरातही कामं निघतात. युद्धगुन्हे, मानवाधिकार मोठी कामं खरी, पण जागा किती? आणि जाण्याआधी वकिलीची सनद घे, बार कौन्सिलची परीक्षा उरकून टाक. परत आलीस तर उभं राहायला कोर्ट तरी असेल. झालं माझं लेक्चर सुरू. माफ कर.

2019 ला हेगच्या त्या न्यायालयात कुलभूषण जाधवांचा निकाल लागला तेव्हा आजी टीव्हीपुढून हलली नव्हती. आता ‘आमची सायली त्याच कोर्टात चाललीय’ असं अख्ख्या गल्लीला सांगतेय. बिनपगारीचं तिला तूच सांग, माझी छाती नाही. खोटं कशाला, परवा मीही सूतवाल्याला तेच सांगून आलो.

घराचे कागद लॉकरमधून काढलेत, सोमवारी बँकेत जायचंय. रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं ये. प्रवेशपत्राच्या दोन-तीन झेरॉक्स आण, आणि त्या एका वर्षाच्या व्हिसाचं नक्की काय ते लेखी मागवून ठेव.

तुझा,
अप्पा