मिठाची गुळणी नव्हे

महोदय,

माझा नातू दुसरीत आहे. वर्गात तो सारखा घसा खाकरतो, मान उजवीकडे झटकतो. पण हजेरीला 'हजर' म्हणत नाही. पहिलीपासून शाळेत त्याने एक शब्द उच्चारलेला नाही. घरी मात्र जेवताना त्याची बडबड थांबवावी लागते. बाईंनी सुनेला बोलावून विचारले, "आवाज काढता येतो ना? मग उत्तर द्यायला काय होतं?"

आधी आम्हीही चुकलो. तो डोळे मिचकवू लागला तेव्हा चष्म्याचा नंबर तपासला, खाकरण्यावर खोकल्याचे औषध दिले, मी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. शेवटी बालमानसोपचार विभागात दोन नावे कळली : टुरेट सिंड्रोम, म्हणजे खाकरणे, मान झटकणे अशा 'टिक'चा विकार, आणि सिलेक्टिव्ह म्युटिझम, म्हणजे घरी बोलणाऱ्या मुलाला शाळेसारख्या ठिकाणी बोलताच न येणे. टिक म्हणजे शिंकेसारखी आतून येणारी उबळ. थोडा वेळ दाबता येते, पण त्यातच पोराचा जीव खर्ची पडतो, फळ्याकडे लक्ष कुठून राहणार? ती बहुधा चार ते सहा वर्षांच्या वयात सुरू होते, दहा-बाराव्या वर्षी सर्वांत वाढते, पुढे पुष्कळ मुलांत कमी होते. न बोलणे हा मात्र चिंतेचा विकार. दोन्ही एकाच मुलात आले की लोकांना तो हट्टच वाटतो.

वैद्यकशास्त्रालाही तसेच वाटत होते. १८७७ मध्ये जर्मन डॉक्टर कुसमाऊल यांनी या मौनाला दिलेल्या नावाचा अर्थच 'स्वेच्छेने न बोलणे' असा होता. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतून हा स्वेच्छेचा सूर गेला तो थेट १९९४ मध्ये.

मी सत्तावीस वर्षे मुंबईत प्राथमिक शाळेत शिकवले. "मिठाची गुळणी धरलीस का गं?" असे एका मुलीला मी वर्गासमोर विचारले होते. ती फ्रॉकची कड पिळत उभी राहिली. तिचे बोट पांढरे पडेपर्यंत मी थांबले नाही. आज ते आठवून झोप लागत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत टुरेटचे स्वतंत्र नाव नाही, यावर शाळा बोट ठेवते. आम्हाला मोठी सवलत नकोच. खाकरण्यावरून टोकू नये आणि तोंडी परीक्षेत बोट दाखवून किंवा लिहून उत्तर देऊ द्यावे, एवढेच. शिक्षण खात्याने तसे परिपत्रक सर्व शाळांना काढावे.

गेल्या रविवारी त्याने सातचा पाढा म्हटला, तो मी मोबाइलवर रेकॉर्ड केला. मधे तीनदा खाकरला, पण चुकला नाही. तो बाईंना ऐकवायचा आहे. शाळेची परवानगी अजून मिळालेली नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, भांडुप